२० यार्डांवरील पाच बाण: पारंपरिक धनुष्याचा नेम आणि शिकारपूर्व चाचणी

आपण मूळचे शिरपूरचे, नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेले आणि सध्या मे-जूनच्या सुटीत गावी आलेले आहात. आपण राहता त्या काउंटीत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दरवर्षी धनुष्याने नियंत्रित शिकार करू दिली जाते आणि त्या परवान्याआधी नेमाची चाचणी द्यावी लागते. तिच्या अटी आपण कळवल्या आहेत: अंतर २० यार्ड, बाण पाच, लक्ष्य ८ इंच व्यासाचे वर्तुळ, पाचांपैकी किमान चार बाण आत बसले पाहिजेत आणि कंपाउंड (कप्प्या लावलेले) असो वा पारंपरिक धनुष्य, मोजमाप एकच. चाचणी सप्टेंबरात आहे. आपल्याकडे सुट्या लिम्बचे (लिम्ब म्हणजे मुठीच्या वरची व खालची वाकणारी भुजा) ५० पौंडांचे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य आहे, आपण उजव्या हाताने ओढता, पाचांपैकी साधारण तीन बाण वर्तुळात बसतात आणि उरलेले बहुधा डावीकडे व खाली जातात. रोज शंभराहून अधिक बाण मारूनही वर्षभरात यात फरक पडला नाही, म्हणून आता नेमके काय बदलावे, असा आपला प्रश्न आहे. नंदुरबार जिल्ह्यातील मुलांना धनुर्विद्या शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर उत्तर देतो.

प्रथम चाचणीचे गणित समजून घ्यावे, कारण सरावाची दिशा त्यावरून ठरते. पाचांत तीन बाण बसतात, म्हणजे प्रत्येक बाण आत बसण्याची शक्यता ६० टक्के आहे असे धरले, तर पाचांपैकी चार किंवा पाच बाण बसण्याची शक्यता केवळ ३४ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्येक बाणाची शक्यता ८० टक्क्यांवर नेली तरी उत्तीर्ण होण्याची शक्यता ७४ टक्केच होते, म्हणजे चारांतला एक जण तरीही नापास होतो. ती ९० टक्के झाली की उत्तीर्ण होण्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून ‘पाचांत चार’ हे सरावाचे उद्दिष्ट ठेवू नये. दहांत नऊ हे ठेवावे, आणि सरावासाठी ८ ऐवजी ६ इंचांचे वर्तुळ वापरावे. यातून दुसरीही एक गोष्ट स्पष्ट होते. आपले तीन चांगले बाण आधीच पुरेसे चांगले आहेत. ते आणखी मधोमध आणण्याने चाचणीत काहीही मिळत नाही. जे दोन बाण बिघडतात ते का बिघडतात, एवढाच प्रश्न सोडवायचा आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते सर्व त्या दोन बाणांविषयी आहे.

डावीकडे आणि खाली जाणारे बाण ही उजव्या हाताच्या धनुर्धराची अत्यंत परिचित तक्रार आहे. बाण खाली जातो त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे दोरी पूर्ण ओढली न जाणे, किंवा पूर्ण ओढून सोडण्याच्या क्षणी हात किंचित पुढे सरकणे. डावीकडे जातो त्याचे सामान्य कारण म्हणजे सोडताना उजवा हात गालापासून बाहेरच्या बाजूला उडणे. त्या वेळी बोटे दोरीला बाजूला खेचून सोडतात आणि बाणाचे शेपूट उजवीकडे ढकलले जाते. हे दोन्ही दोष एकत्र दिसतात तेव्हा बहुतेक वेळा मूळ एकच असते, ते म्हणजे धनुष्य ओढण्यास लागणारा जोर धनुर्धराच्या पाठीच्या ताकदीपेक्षा जास्त असणे. पाठ थकते, दंड आणि मनगट तिची जागा घेतात, आणि हाताने धरलेली दोरी शांतपणे सुटत नाही, ती झटकली जाते.

आपले धनुष्य ५० पौंडांचे आहे, याचा अर्थ प्रचलित मापनपद्धतीनुसार दोरी २८ इंच ओढली असता ती धरून ठेवण्यास ५० पौंडांचा जोर लागतो. आपली प्रत्यक्ष ओढ २७ इंच असेल, तर हातात सुमारे ४७ पौंड येतात, कारण या प्रकारच्या धनुष्यात एका इंचामागे साधारण अडीच ते तीन पौंडांचा फरक पडतो. एक चाचणी आजच घरी करून पाहावी. बाण लावून, लक्ष्यासमोर दोन-तीन मीटरवर उभे राहून पूर्ण ओढावे, गालावर हात स्थिर करावा, मनात संथपणे पाच अंक मोजावेत आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत आणावी. असे सलग आठ-दहा वेळा करताना हात थरथरू लागला, किंवा बाणाचे टोक मुठीच्या पुढे सरकू लागले, तर ते धनुष्य आपल्यासाठी सध्या जड आहे. मला वाटते, उत्तर तेच येईल. आपल्या धनुष्याचे लिम्ब सुटे असल्यामुळे उपाय सोपा आहे: ३० ते ३५ पौंडांचे लिम्ब घ्यावेत, पुढील सहा आठवडे केवळ त्यांच्यावर सराव करावा आणि नंतर ४० ते ४५ पौंडांवर यावे. शिकारीच्या धनुष्याचे वजन, म्हणजे हा जोर, किमान किती पौंड असावे याचे नियम तेथे राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून अंतिम वजन ठरवण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा. परंतु त्या किमान मर्यादेच्या थोडे वर असलेले आणि पूर्ण ताब्यात असलेले धनुष्य, ताब्याबाहेरच्या ५० पौंडांपेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. जड धनुष्य म्हणजे मर्दुमकी, ही समजूत आपल्याकडेही आहे आणि तिने अनेक चांगल्या मुलांचा नेम व खांदे बिघडवलेले मी पाहिले आहेत.

आता अँकर, म्हणजे पूर्ण ओढीनंतर चेहऱ्यावर हात जेथे टेकतो ती जागा. पारंपरिक धनुष्याला नेम धरण्यासाठी डोळ्याजवळचे, म्हणजे मागचे, साधन नसते. डोळा आणि बाणाचे शेपूट यांतील अंतरच त्याचे काम करते. २० यार्ड म्हणजे १८.३ मीटर. बाणाची खाच (शेपटाकडची, दोरीवर बसणारी फट) आणि टोक यांत सुमारे ७१ सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर खाच केवळ ३ मिलिमीटर खाली-वर झाल्याने लक्ष्यावर बाण जवळजवळ ८ सेंटिमीटर सरकतो. आठ इंचांच्या वर्तुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. म्हणजे तोंड किंचित उघडे राहिले, दात एकदा मिटलेले आणि एकदा सुटे राहिले, एवढ्यानेही बाण वर्तुळाच्या काठावर जातो. खाच खाली गेली की बाण वर जातो आणि खाच वर गेली की बाण खाली येतो, हे लक्षात ठेवल्यास स्वतःचा दोष स्वतःला शोधता येतो.

त्यामुळे चेहऱ्यावर स्पर्शाची एकच खूण पुरेशी नाही. तर्जनी किंवा मधल्या बोटाचे टोक ओठांच्या कोपऱ्यात, ही पहिली खूण. अंगठ्याचे मूळ जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसलेले, ही दुसरी. आणि बाणाचे वरचे पीस नाकाच्या टोकाला हलके लागणे, ही तिसरी. तिसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती ओढीची लांबीही तपासते: ओढ अपुरी असेल तर पीस नाकापर्यंत पोहोचतच नाही. दात दरवेळी मिटलेले असावेत. मान आधी लक्ष्याकडे वळवून स्थिर करावी आणि दोरी चेहऱ्याकडे आणावी. चेहरा दोरीकडे नेऊ नये.

अपुऱ्या ओढीची किंमतही आकड्यांत पाहावी. या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ५२ मीटर वेगाने निघतो आणि १८.३ मीटर जाण्यास त्याला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. तेवढ्या काळात तो गुरुत्वाकर्षणाने ६० सेंटिमीटर खाली येतो. ओढ एका इंचाने कमी पडून वेग ५० मीटरवर उतरला, तर हे पडणे ६५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. केवळ वेगातील या घटीने बाण पाच-सहा सेंटिमीटर खाली लागतो, आणि त्यात सुटताना झालेला झटका मिळाला की तो वर्तुळाबाहेर जातो. आपले खाली गेलेले बाण मला येथेच दिसतात. आपल्या मोबाइलवर बाजूने संथगतीचे चित्रण घ्यावे आणि बाणाचे टोक सुटण्याआधीच्या क्षणी पुढे सरकते का, ते पाहावे. शिक्षकाने शंभरदा सांगूनही जे पटत नाही ते अशा एका चित्रणाने पटते.

सोडण्याविषयी थोडे. सोडणे ही स्वतंत्र कृती करावयाची नसते. दोरी पाठीच्या स्नायूंनी मागे जात राहते, दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांकडे सरकत राहतात, आणि बोटांचा ताण संपतो तेव्हा दोरी निघून जाते; हात त्याच दिशेने मानेकडे मागे जातो. बाण लागेपर्यंत डावा हात लक्ष्याच्या दिशेने तसाच राहावा. दोरी ओढणाऱ्या हाताचा पंजा मनगटापर्यंत सरळ आणि सैल असावा. त्यात सर्वांत जास्त गडबड अंगठा आणि करंगळी करतात, कारण ती आखडली की पूर्ण पंजा आखडतो. एकलव्याच्या स्मरणार्थ दोरीला अंगठा न लावण्याची परंपरा भिल्ल समाजात सांगितली जाते. तंत्राच्या दृष्टीनेही बोटांनी ओढण्याच्या पद्धतीत अंगठ्याने तळहाताकडे वळून शांत राहणे एवढेच काम करावयाचे असते. डाव्या हाताने मूठ आवळू नये. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात धनुष्य टेकवावे आणि बोटे सैल ठेवावीत. मूठ आवळली की सुटण्याच्या क्षणी धनुष्य वळते आणि बाण त्याच्यासोबत जातो.

आपण नेम कसा धरता हे लिहिलेले नाही. केवळ लक्ष्याकडे पाहून अंतःप्रेरणेने मारण्याची पद्धत सुंदर आहे आणि धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या भागांतील भिल्ल व पावरा वडीलधारी मंडळी बांबूच्या तीरकामठ्याने ती विलक्षण सहजतेने वापरताना मी पाहिली आहेत. परंतु ती लहानपणापासून हातात मुरलेली असते. चार महिन्यांत एका ठराविक अंतराची चाचणी द्यावयाची असेल, तर बाणाच्या टोकाचा जाणीवपूर्वक उपयोग करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाण दोन बोटांच्या मध्ये धरण्याऐवजी तिन्ही बोटे बाणाखाली ठेवावीत. त्यामुळे बाणाचे शेपूट डोळ्याजवळ येते आणि टोक व लक्ष्य यांतील उभे अंतर कमी होते. मग २० यार्डांवर टोक लक्ष्याच्या किती खाली धरले असता बाण मध्यावर लागतो, ते एकदा मोजून पक्के करावे आणि त्या ठिकाणी लक्ष्यावर एखादी लहान खूण, पुठ्ठ्यावरचा डाग, गवताची काडी, काहीही शोधण्याची सवय लावावी.

याहून नेमका एक मार्ग आहे. दोरीवर खाचेच्या जागेखाली साधारण पाऊण ते सव्वा इंचावर दोऱ्याची दुसरी लहान गाठ बांधावी आणि बोटे नेहमी त्या गाठीखाली ठेवावीत. बोटे खाली गेल्यामुळे बाणाचे शेपूट आणखी वर येते आणि गाठ योग्य जागी असेल तर २० यार्डांवर टोक थेट लक्ष्याच्या मध्यावर ठेवता येते. शिकारीसाठी रिकर्व्ह वापरणारे अनेक जण हीच पद्धत वापरतात, कारण त्यात धनुष्यावर कोणतेही जोडसाधन लागत नाही. गाठीची जागा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आणि बाणाच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे ती दोन-तीन दिवस प्रयोग करूनच ठरते, आणि ती बदलल्यावर खाचेची उंची पुन्हा जुळवावी लागते. आपल्या चाचणीचे अंतर एकच असल्याने मी आपल्याला हीच पद्धत सुचवतो. मात्र तेथील नियमांत दोरीवरील खुणांना मनाई नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

साहित्याची जुळणी अनेक जण टाळतात आणि दोष हाताला देतात. सर्व बाणांवर १ ते ६ असे क्रमांक घालावेत आणि प्रत्येक बाण कोठे लागला याची आठवडाभर नोंद ठेवावी. एकच क्रमांक पुन्हा पुन्हा बाहेर जात असेल तर दोष बाणाचा आहे, त्याला पिशवीतून काढून टाकावे. यानंतर पिसे नसलेला एक बाण, तितक्याच वजनाचे टोक लावून, १२ ते १५ यार्डांवरून पिसांच्या बाणांसोबत मारावा. उजव्या हाताच्या धनुर्धराचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर बाणाची काडी गरजेपेक्षा कडक आहे, उजवीकडे लागला तर मऊ. तो खाली लागला तर दोरीवरची खाचेची जागा जास्त उंच आहे, वर लागला तर जास्त खाली. आपण हलक्या लिम्बकडे जाल तेव्हा जुने बाण कडक ठरून डावीकडे जाण्याचा संभव आहे. त्या वेळी थोडे जड टोक लावल्यास ते बरेचसे सुधारते. हाताचा दोष आणि बाणाचा दोष दोन्ही डावीकडेच दिसत असल्यामुळे ही चाचणी वगळून चालणार नाही. दोरी आणि मूठ यांतील अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत ठेवावी आणि दररोज सरावाआधी पट्टीने मोजावी, कारण नवी दोरी ताणत जाते. मुठीवर बाण टेकवण्याची जी लाकडी बैठक असते तिच्यावरूनच बाण सुटत असेल तर प्लास्टिकच्या पात्यांऐवजी खरी पिसेच असावीत. प्लास्टिकचे पाते बैठकीला आपटून बाण उडवते.

आपण चाचणीनंतर धारदार पात्यांची टोके वापरणार आहात. अशी टोके बाणाची जुळणी किती खरी आहे ते उघड करतात, कारण समोरची पाती हवेत स्वतःच सुकाणूसारखी वागू लागतात. साध्या टोकाचा आणि पात्याच्या टोकाचा बाण एकाच जागी लागेपर्यंत जुळणी पूर्ण झाली असे समजू नये. हे काम परत गेल्यावर, त्यासाठी योग्य अशा फोमच्या लक्ष्यावर करावे.

सरावाची रचना आता बदलावी लागेल. रोजचे शंभर बाण बंद करावेत. त्यांतील पहिले तीस बाण आपण शिकता आणि उरलेल्या सत्तर बाणांत थकलेल्या शरीराला चुकीची ओढ शिकवता. वर्षभर फरक न पडण्याचे कारण बहुधा हेच आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस, एका वेळी चाळीस ते पन्नास बाण, आणि ओढ किंचितही तोकडी होऊ लागली की त्या दिवसाचा सराव तेथेच संपवावा. पहिले तीन आठवडे लक्ष्यावर वर्तुळ लावूच नये. दोन-तीन मीटरवर कोरे पोते, डोळे मिटलेले किंवा नजर रोखलेली नाही, आणि लक्ष केवळ एका गोष्टीवर: एका दिवशी पीस नाकाला लागणे, दुसऱ्या दिवशी पाठ मागे जात राहणे, तिसऱ्या दिवशी डावा हात शेवटपर्यंत स्थिर. हे कंटाळवाणे आहे, आणि याच टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात. वर्तुळ दिसले की मन ते गाठण्यासाठी लवकर सोडू पाहते. पुष्कळ धनुर्धरांना पुढे टोक वर्तुळाजवळ येताच बोटे आपोआप सुटण्याची व्याधी लागते. तिच्यावर उपाय हाच की, पूर्ण ओढावे, वर्तुळावर टोक ठेवावे आणि न सोडता परत आणावे. प्रत्येक तीन ओढींमध्ये एक अशी ‘न सोडलेली’ ओढ ठेवल्यास सोडायचे की नाही हा निर्णय पुन्हा आपल्या हातात येतो. पाठीने ओढत राहावे आणि पीस नाकाला लागल्यावरच सोडावे, त्याआधी कधीही नाही.

त्यानंतर अंतर १० यार्ड, मग १५, मग २०, असे वाढवावे. १० यार्डांवर ६ इंचांत सलग दहा बाण बसल्याखेरीज मागे सरकू नये.

खानदेशातील मे महिन्याविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. पारा ४३-४४ अंशांवर असताना बंद मोटारीत धनुष्य ठेवू नये. लाकूड आणि फायबर ग्लासचे थर चिकटवून केलेले लिम्ब त्या उष्णतेत पिळवटतात किंवा त्यांचे थर सुटतात, आणि पिळलेला लिम्ब बाणाला कायमचा एका बाजूला नेतो. सराव पहाटे उजाडल्यावर करावा. त्या वेळी फारसा घामही नसतो आणि दुपारची झळही नसते. घामाने भिजलेला चामड्याचा हातमोजा दोरीला चिकटतो आणि सुटणे खराब करतो, म्हणून दोन हातमोजे आलटून पालटून वापरावेत व बोटांना थोडी पावडर लावावी. जूनमध्ये पावसाला सुरुवात झाल्यावर पिसे भिजून चपटी होतात. ती पिशवीने झाकून ठेवावीत.

लक्ष्य आपल्या शेतावर सहज तयार होते. दोन-तीन गोणपाटांत जुन्या चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाय देऊन गच्च भराव्यात आणि ती बांधाला टेकवून उभी करावीत. मागे मातीचा उंच बांध हवाच. केळीची बाग किंवा उभी तूर ही आडोसा आहे, अडथळा नाही, आणि तिच्यापलीकडे मजूर किंवा गुराखी असू शकतो. पायवाट लक्ष्यामागून जात असेल तर जागा बदलावी. बाण नसताना दोरी ओढून सोडणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. सारी ऊर्जा धनुष्यात परत जाऊन लिम्ब फुटू शकतो, आणि जवळ उभ्या मुलांना इजा होऊ शकते.

आणि हे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे: आपला सराव येथे पोत्यावर आणि पुठ्ठ्यावरच राहावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर भारतात छंद म्हणून शिकारीला जागा उरलेली नाही. सातपुड्याच्या जंगलात, विशेषतः यावल अभयारण्याच्या परिसरात, धनुष्य सोबत घेऊन फिरणेही टाळावे. वनरक्षकाने हटकले तर ते त्याचे कामच आहे.

तिकडील चाचणीमागचा हेतू समजल्यास सरावाला योग्य गांभीर्य येते. आठ इंचांचे वर्तुळ सोयीसाठी निवडलेले नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र बाजूने पाहता साधारण तेवढे असते. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसांतून गेलेला बाण प्राण्याला थोड्या वेळात शांत करतो. चार इंच मागे गेलेला बाण त्याला तासन्‌तास वेदना देऊन झाडीत मरण्यासाठी सोडतो, आणि तो सापडतही नाही. वर्तुळाबाहेरचा एक बाण म्हणजे असा एक प्राणी, हे ज्याला जाणवते तो ‘बहुतेक बसतात’ यावर समाधान मानत नाही. चाचणी उत्तीर्ण झाल्यावरही ज्या अंतरावर आपले दहांतील नऊ बाण ६ इंचांत बसतात तेच आपले शिकारीचे अंतर समजावे, आणि ते १५ यार्ड ठरले तर १५च मानावे.

जुलैपासून, म्हणजे ४० ते ४५ पौंडांच्या लिम्बवर स्थिर झाल्यावर, एक सराव दररोज न चुकता करावा. सकाळी कोणतीही तयारी न करता २० यार्डांवर जावे आणि फक्त एक बाण मारावा. तो कोठे लागला हे वहीत लिहावे, तारखेसह. चाचणीत मारायचे पाच बाण हे तापलेल्या शरीराने मारलेले पन्नासावे बाण नसतात. ते पहिले पाच असतात. पहिल्या बाणाची ही वही दोन महिन्यांनी जे सांगेल तेच आपले खरे कौशल्य. आठवड्यातून एकदा पाच बाणांची पूर्ण चाचणी घ्यावी, कोणाला तरी शेजारी उभे करून आणि गुण मोठ्याने मोजायला लावून. कोणी पाहत असताना हृदयाचे ठोके वाढतात आणि हात घाई करतात. ही अवस्था आधी अनेकदा अनुभवलेली असावी.

सप्टेंबरअखेरीस तेथे सकाळी गारवा असतो आणि आपण अंगावर जाडसर जाकीट घालाल, ही बारीक पण महत्त्वाची बाब आहे. शिरपूरला सुती सदऱ्यात बसवलेली ओढ जाड बाहीवर दोरी घासल्यामुळे बिघडते आणि बाण पुन्हा डावीकडे जातो. ज्या कपड्यांत चाचणी द्यायची त्याच कपड्यांत, दंडापासून मनगटापर्यंत बाही घट्ट बांधून, शेवटचे तीन आठवडे सराव करावा. विमानाने परतताना धनुष्य उतरवून, लिम्ब वेगळे करून कडक नळीत ठेवावेत, आणि पोहोचल्यावर ब्रेस हाइट, खाचेची उंची आणि बिनपिसांचा बाण पुन्हा तपासावा; प्रवासानंतर काहीही बदललेले नाही असे गृहीत धरू नये.

चाचणीच्या दिवशी सरावाला जागा मिळते का हे आधी विचारावे. नसल्यास गाडीजवळ रबरी पट्ट्याने पाठ आणि खांदे मोकळे करावेत, धनुष्याने रिकामी ओढ घेऊ नये. प्रत्येक बाणाआधी पायांची जागा, बोटांची जागा, डाव्या हाताची बेचकी, एक श्वास, मग ओढ, हाच क्रम पाचही वेळा जसाच्या तसा ठेवावा. चेहऱ्यावर हात आल्यावर काही चुकते आहे असे वाटले तर खाली आणावे आणि पुन्हा सुरुवात करावी. वेळेची मर्यादा असल्यास ती आधीच माहीत करून घेऊन त्या वेळेत दोन ओढी बसतात का, हे घरी पाहून ठेवावे. एक बाण बाहेर गेला तरी उरलेले चार आत बसल्यास आपण उत्तीर्ण आहात, म्हणून त्या बाणाची भरपाई म्हणून पुढच्या बाणाचा नेम उजवीकडे किंवा वर सरकवू नये. नेम तोच ठेवून ओढ पूर्ण करावी. दोन बाण गेले आणि त्याच दिवशी दुसरी संधी मिळत असली, तर तत्काळ उभे राहू नये. अर्धा तास बसावे, पाणी प्यावे, दोरी आणि बाण पट्टीने तपासावेत, आणि ओढ पूर्ण होत असल्याची खात्री पटली तरच जावे. पाठ थकल्यासारखी वाटत असेल तर पुढची तारीख घ्यावी.